अमीनसाहेबांनी मंजूर केलेली बाई

परंड्याच्या मराठी वाचनालयाचे अध्यक्ष पेशानं वकील होते आणि आपण पुढारी आहोत असं त्यांना वाटत असे. निजामाच्या राज्यात पुढारी व्हायचं तर तुरुंगाची तयारी ठेवावी लागे, आणि वकीलसाहेबांना जेवणानंतर दोन तास झोप लागे. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात ते दरवर्षी भाषण करत, आणि विषय असा निवडत की ऐकणाऱ्यांना तो धाडसाचा वाटावा आणि सरकारला वाटू नये.

त्या वर्षी विषय त्यांना माझ्याकडे सापडला.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. यजमान सरकारी शाळेत गणित शिकवत, अर्थात उर्दूतून. त्रिकोणाला मुसल्लस म्हणत आणि घरी येऊन मराठीत उसासे टाकत. कापडाचा व्यापार करणाऱ्या एका लिंगायत कुटुंबाच्या घरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मी बार्शीला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, परंडा निजामाच्या, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. सासरी येताना माझ्या पेटीत तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. मिशनच्या दवाखान्यातल्या मडम मायदेशी परत जाताना ती मला देऊन गेल्या होत्या. नाक्यावरच्या शिपायानं तिन्ही उलटी धरून झटकली. आतून काही पडलं नाही, तेव्हा ती बिनधोक आहेत असा निष्कर्ष काढून त्यानं गाडी सोडली.

त्या तीन कादंबऱ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईच्या होत्या. दुपारी मी त्या मराठीत सांगत बसे. ऐकायला घरमालकीण, जिला सगळे अक्का म्हणत, आणि आसपासच्या चारपाच जणी. उन्हाळ्याचे दिवस होते, शेवयांचं काम चालू असे. हात पाटावर आणि कान माझ्याकडे.

कादंबऱ्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. प्रत्येकीत एक पडका किल्ला, एक अनाथ मुलगी आणि एक दुष्ट काका. मुलगी पन्नास पानांत एकदा तरी बेशुद्ध पडे. परंड्याला किल्ला गावातच आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, त्यामुळे किल्ल्यानं आमच्या बायका घाबरल्या नाहीत. पण मुलगी तिसऱ्यांदा पडली तेव्हा अक्कानं शेवई वळता वळता विचारलं, "हिला जेवायला देत न्हाईत का?" त्यानंतर मी बेशुद्धीचे प्रसंग गाळून टाकले आणि गोष्ट बरीच सुधारली.

सगळ्यात मला चीड यायची ती शेवटाची. तिन्ही पुस्तकांत मुलीचं लग्न एका श्रीमंत, सुंदर, सद्गुणी सरदाराशी होई आणि बाईसाहेब खुशाल लेखणी ठेवून देत. कारण पहिल्या पुस्तकाच्या आरंभी कुणीतरी त्या बाईचं चरित्र लिहिलं होतं, आणि ते कादंबऱ्यांहून शंभर पटींनी खरं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिला एका दारूच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधलं. तो आपलाच माल पीत असे आणि हिला मारत असे. दहाएक वर्षांनी तीन पोरं घेऊन ती घराबाहेर पडली, समुद्रकाठच्या एका गावात भाड्याची खोली घेतली आणि लिहायला बसली. पुस्तकावर नाव घालायची सोय नव्हती. 'एका कुलीन स्त्रीची कृती' एवढंच छापत. तिथल्या कायद्यानं बायकोची कमाई नवऱ्याची, म्हणून तो मधूनमधून प्रकाशकाच्या दारात जाऊन ती उचलून नेई. बोटं वाकडी झाली तेव्हा मुलीला सांगून लिहवून घेतलं. अशी ही बाई, आणि कादंबऱ्यांत सगळ्या जगाला सद्गुणी नवरे वाटत सुटली होती.

हे चरित्रही मी दुपारी सांगितलं. अक्कानं हातातली शेवई पाटावर ठेवली. मग म्हणाली, "लिव्हून पोट भरलं म्हणती व्हय?"

मी म्हटलं, "चौघांचं."

"मग लग्नाचं खोटं लिव्हलं त्ये बरुबर केलं. खरं कोण इकत घेतंय."

एवढं शहाणपणाचं समीक्षण मी पुढं कुठल्याही मासिकात वाचलं नाही.

बायकांच्या बैठकीची बातमी वकीलसाहेबांच्या घरीही पोचली. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, माझ्याकडे न बघता यजमानांशी बोलले. म्हणाले, मास्तर, यंदा स्त्रीशिक्षणावर काही व्हावं असं कमिटीचं मत आहे. एका आंग्ल कादंबरीकर्त्रीचं चरित्र आणि वाङ्मय, असा विषय कसा वाटतो. तुमच्या घरात तयार मजकूर आहे असं कळतं. यजमानांनी भीत भीत विचारलं, मग हिनंच वाचलं तर? वकीलसाहेब हसले. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करायचा म्हणजे लगेच स्त्रीला व्यासपीठावर उभं करायचं असा अर्थ होत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मी लिहावं, ते वाचतील. ते गेल्यावर हे मला म्हणाले की विषय फार सुरक्षित आहे: बाई मेलेली आहे, परदेशी आहे आणि नवऱ्याच्या ताब्यात नव्हती एवढं सोडलं तर तिचा कुठलाही राजकीय गुन्हा नाही.

मी आठ दिवस खपून पंधरा पानं लिहिली. आणि मग माझ्या बाईला एकेक जण कापू लागला.

पहिली कात्री घरातली. जाहीर सभा घ्यायची तर भाषणाचा मजकूर उर्दूत उतरवून आधी मंजूर करून घ्यावा लागे. ते भाषांतर यजमानांनी केलं. मी लिहिलं होतं की ही बाई लिहीत होती त्या वर्षांत खाडीपलीकडच्या देशातल्या रयतेनं आपल्या राजाचं डोकं उडवलं, आणि ते ऐकून इंग्लंडातले सरदार रात्री दारं लावून झोपू लागले. यजमानांनी ते वाक्य वाचलं, उठून दार लावलं आणि उर्दूत लिहिलं, 'त्या काळी शेजारच्या मुलखात हवामान ठीक नव्हतं.' मी विचारलं, हवामान कुठून आलं? म्हणाले, माझी नोकरी कुठून येते ते आठव.

मग कागद अमीनसाहेबांकडे गेले. अमीन म्हणजे तालुक्याचा पोलीस अंमलदार. हे गृहस्थ कुणाशी वैर धरत नसत आणि मैत्रीही करत नसत. त्यांचा जीव फक्त कागदात होता. छापील नमुन्यात ज्या व्यक्तीविषयी सभा आहे तिचं नाव, बापाचं नाव, पेशा आणि राहण्याचं ठिकाण असे रकाने होते, आणि ते रिकामे ठेवून चालणार नव्हतं. यजमानांनी सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, सदर इसम जलशास हजर राहणार किंवा कसे. तिथं आमच्या ह्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं की मजकूर बाई मयत असून हजर राहणार नाही. त्यावर शिक्का बसला आणि इंग्लंडातल्या त्या गरीब बाईला परंड्यात मरायची अधिकृत परवानगी मिळाली. गंमत म्हणजे अमीनसाहेबांनी मजकुरातला एक शब्दही कापला नाही. बाईनं नवऱ्याला सोडलं की ठेवलं, याबद्दल सरकारचं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं ते वकीलसाहेबांचं. मंजुरी आल्यावर माझी मराठी पानं त्यांनी घरी नेली आणि दौत जवळ घेऊन बसले. हे मला उत्सवाच्या दिवशी कळलं.

वाचनालयात गर्दी झाली होती. पुढं पुरुष, मागं चिकाचा पडदा टाकून बायका. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून कशी लागतात ते बघावं म्हणून मी कच्च्या मजकुराची वही पदराआड आणली होती. अक्का शेजारीच बसली होती. व्यासपीठाच्या बाजूला खुर्चीवर अमीनसाहेब, मांडीवर मंजूर उर्दू कागद, आणि बोट ओळीवर.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिली दोन पानं माझी होती. तिसऱ्यावर ते म्हणाले की ही साध्वी पतिसेवेतून जो काय थोडा वेळ उरे तेवढ्यात, पतीच्या अनुज्ञेनं आणि त्याच्या मनोरंजनार्थ, कथा लिहीत असे. मी वही उघडली. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "ही दुसरी कोन?"

तिकडं अमीनसाहेबांचं बोट थांबलं. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं आणि हात वर केला.

"वकीलसाब, ये कागज में नै है."

वकीलसाहेब म्हणाले की भाव तोच आहे, शब्दांचा थोडा फरक. अमीनसाहेबांना मराठी चांगलं समजत होतं. "कागज में लिखा है, बाई शौहर को छोड के गई," ते शांतपणे म्हणाले. "तुम बोलते, खिदमत करी. मंजुरी छोडने वाली बाई की है. खिदमत वाली की नै."

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडायचा प्रयत्न केला, पण समोर कायदाच खुर्चीवर बसला होता. जे मंजूर आहे ते वाचा, नाहीतर सभा बंद करा, एवढंच अमीनसाहेबांचं म्हणणं. आणि वाचायचं तर मूळ ओळी शिल्लक नव्हत्या. वकीलसाहेबांनी त्यांच्यावर इतकी शाई फासली होती की त्यांना स्वतःलाही खालचं दिसेना. चष्मा काढून, घालून, दिव्याजवळ नेऊन पाहिलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. मग अमीनसाहेबांनी विचारलं की हे मुळात लिहिलं कुणी.

पहिल्या रांगेत आमचे हे बसले होते. मागून फक्त त्यांची मान दिसत होती, आणि ती खाली खाली चालली होती. बऱ्याच वेळानं ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरच्यांनी."

"तो वो पढें," अमीनसाहेब म्हणाले आणि बोट पुन्हा ओळीवर ठेवलं.

अक्कानं मला कोपरानं ढोसलं. पडदा बाजूला सारून मी व्यासपीठावर गेले असं सांगायला मला आवडलं असतं, आणि गेल्या काही वर्षांत एकदोन ठिकाणी मी तसं सांगितलंही आहे. पण मी गेले नाही. पडद्यामागेच बसून वाचलं. पहिल्या चार ओळी कुणालाच ऐकू गेल्या नसतील. मग अमीनसाहेब "जोर से" म्हणाले, आणि आवाज बाहेर आला. दारूचा व्यापारी, मार, तीन पोरं, समुद्रकाठची खोली, वाकडी बोटं, सगळं वाचलं. तिच्या कादंबऱ्यांचे शेवट खोटे आहेत आणि ते खोटे का आहेत, हेही वाचलं. पुरुषांच्या बाजूला कुणी खाकरलंसुद्धा नाही. सरकारी मंजुरीचा मजकूर चालला होता. खाकरणंही बेकायदा ठरलं असतं.

आणि मग ती ओळ आली, राजाच्या डोक्याची. माझ्या वहीत ती होती, अमीनसाहेबांच्या कागदात हवामान होतं. मला यजमानांची मान दिसत होती. मी वाचलं, "त्या काळी शेजारच्या मुलखात हवामान ठीक नव्हतं." अमीनसाहेबांनी मान डोलावली. वकीलसाहेबांना हसत होते ती मी, माझी कात्री त्यांच्याहून जास्त सफाईनं चालली. कुणाला कळलंसुद्धा नाही.

सभा संपल्यावर पेढे वाटले. अमीनसाहेबांनी शेरा लिहिला की जलसा मंजुरीप्रमाणे पार पडला. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन यजमानांना म्हणाले की मास्तर, पोलिसांच्या हातून वाचनालयाची बेअब्रू झाली आणि त्याला कारण तुमचं घर. मी आतून चहा दिला. तो त्यांनी घेतला.

पुढच्या वर्षी यजमानांची बदली कळंबला झाली. तिचा त्या सभेशी संबंध होता की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. वकीलसाहेब मात्र तो होता असं लोकांना सांगत, कारण त्यामुळे सभेला वजन येई. मग निजामाचं राज्य गेलं, आणि ज्यांना दुपारी झोप लागत असे अशा पुष्कळ जणांना आपण लढ्यात होतो हे आठवू लागलं. वकीलसाहेबांचा सत्कार झाला. त्यात सांगण्यात आलं की त्यांच्या सभेत अमीनाच्या तोंडावर स्त्रीस्वातंत्र्याचं भाषण झालं, आणि पोलीस ते बंद पाडू शकले नाहीत. हे अक्षरशः खरं होतं म्हणून मला फार राग आला.

थोड्या वर्षांनी त्यांचा भाषणसंग्रह निघाला. एक प्रत टपालानं आमच्याकडे आली, आत 'मास्तरांस सप्रेम भेट'. त्यात ते भाषण होतं, साध्वीवालं. यजमानांनी पुस्तकाला कव्हर घातलं आणि फळीवर ठेवलं. मी म्हटलं, चुलीत घाला. ते म्हणाले, पुस्तक आहे. मग मीच एका दुपारी ते काढून वाचलं. पहिली दोन पानं बरी होती. पुढचं गद्य इतकं वाईट होतं की त्या इंग्रज बाईनंसुद्धा, पडके किल्ले आणि बेशुद्ध मुली जिला चालल्या तिनं, ते छापायला दिलं नसतं.