डगलसची आई

दिवस मावळला की कौसल्याबाई नाल्याच्या काठावर उभी राहून हाक मारायची, "डगलसाऽऽ!" आणि कोण यायचं, तर खांद्यावर नांगर घेतलेला, बावीस वर्षांचा काळाकुट्ट गडी. माझ्या नवऱ्याची जंगलखात्यात आरमोरीजवळच्या त्या खेड्यात बदली झाली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ही हाक ऐकून मी पदराआड हसून बेजार झाले.

शेजार जमला आणि हसू विरलं. राम, विठ्ठल, गोविंदा अशी तिची तीन पोरं वर्षाची व्हायच्या आतच गेली होती. "देवाची नावं देवानं वळखली, नेली वापस," ती म्हणायची. अशा बाईनं पुढच्या पोराला दगड, कचरा असलं काहीतरी नाव ठेवायचं. मग मरण तिकडे ढुंकून पाहत नाही. हिला मात्र पोटच्या पोराला कचरा म्हणवेना. त्या काळी ती जंगलखात्याच्या बंगल्यावर पाणी भरायची. तिथे येणाऱ्या स्कॉटलंडच्या साहेबाचंच नाव तिनं मागून घेतलं. मरणाला ते वाचताच आलं नसतं!

साहेबानं अर्थही सांगितला होता: काळं पाणी. त्याच्या मुलुखात त्या नावाची नदी. नदीचं नाव काठच्या घराण्यानं घेतलं, घराण्याचं पुढे पोरांना पडलं. "आपल्यात पोरीले गंगा, गोदा म्हणतात," कौसल्याबाई म्हणायची, "पोराले नदी म्हटली तं का बिघडलं?"

बिघडलं ते सोयरीक जुळताना. मुलीचा बाप म्हणाला, किरिस्तावी नावाच्या घरी पोरगी देत नाही, नाव बदला. डगलसला मुलगी आवडलेली. तोही आईला नाव बदल म्हणाला. ती हटली नाही.

"लगन मोडलं तं दुसरं जुळन. पोरगा गेला तं कुठून आणू?"

दाराआडून मुलीच्या आईनं हळूच विचारलं, "बाई, याच्या आंधी किती गेले?"

"तीन."

"माहे दोन. म्हणून हिचं नाव कचरी ठेवलं."

बापानं मान खाली घातली. सुपारी फुटली.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहायचं काम माझ्याकडे आलं. बायका म्हणाल्या, लक्ष्मी लिही, त्या कचरीतून पोरगी सुटू दे एकदाची. कौसल्याबाईनं माझा हात धरला.

"ह्याच नावानं तिच्या मायनं तिले जगवली. मी कोन पुसनार? कचरीच लिव."

मी लिहिलं. मांडवात मुलीची आई हमसून रडली. मग कौसल्याबाई मला म्हणाली, "तुह्यं माहेरचं नाव का होतं वं?"

द्वारका, मी सांगितलं. लग्नानंतर ते कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती मला द्वारका म्हणायची. ती गेली, आणि मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही.