माइक राहू द्या

आर्णीत कोणाला घरी सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे असले की गावातल्या एका भाईंनाच बोलावतात. शिडीवर चढले की ते स्क्रू दातांत धरून बोलतात, त्यामुळे निम्मं बोलणं कळत नाही. आमच्याकडे त्यांनी चार कॅमेरे लावले, रेकॉर्डिंग साठवणारा डबा कपाटात बसवला. माझ्या हट्टापायी माइकही जोडला.

मग हेडफोन लावून ते आवाज तपासू लागले. शेजारच्या अंगणात बाया बोलत बसल्या होत्या. ऐकता ऐकता भाईंनी माइकची वायर काढून टाकली.

"काहून भाई? बिघडला काय?"

"नाही सर, बढिया चालते. पण राहू द्या. चोर कुठं बोलते? बोलतात ते शेजारीच."

काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी गरम भजी पाठवली. मी ती आवडीनं खाल्ली.