रविवारी बंद असणारा सर्व्हर

स्टेफी लोपीस वसईतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात सर्व्हर सांभाळते. रुग्णांचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या नोंदी ज्या मशीनमध्ये राहतात, ते सर्व्हर. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून भोकं सापडतात आणि कंपन्या ती बुजवायला पॅच पाठवतात. कुठला पॅच कुठे लावायचा राहिला, हे शोधायला तिच्याकडे एक टूल आहे. रविवारी दुपारी, ओपीडी बंद असताना, ते इस्पितळातल्या आणि ट्रस्टच्या गावोगावच्या दवाखान्यांतल्या प्रत्येक सर्व्हरला हाक मारतं. राहिलं असेल ते लाल, बाकी हिरवं. ती चर्चमधल्या मिसाहून येते, जेवते आणि लाल दिसेल ते तिथल्या तिथे निस्तरते. उद्यावर टाकत नाही. काम चोख म्हणून तिचं नाव आहे.

त्या आठवड्यात शेजारच्या शहरातलं एक इस्पितळ ठप्प झालं. एका जुन्या भोकातून कोणी आत शिरलं आणि सगळ्या फायलींना कुलूप घालून बसलं. ऑपरेशनं पुढे गेली. स्टेफीचे साहेब, संकेत सर, तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आपलं काय?"

"सगळं हिरवं आहे सर."

सरांनी ट्रस्टींना तेच सांगितलं.

पुढच्या सोमवारी अर्नाळ्याच्या दवाखान्यातून हंसा सिस्टरचा फोन आला, प्रिंटर रुसलाय. स्टेफी स्कूटर काढून गेली. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, लगेच निघाला. बाहेर जयरामकाका, तिथला वॉचमन, जाळं सांधत बसला होता.

"बाय, काल आली असतीस तर अंधारात बसली असतीस."

"का, लाइट जाते?"

"जाते कशाला? मीच घालवतो. शनवारी कुलूप लावताना मेन खाली, सोमवारी वर. ती बॅटरीची पेटी पन बंद. खारा वारा हाय, बटनं कुजतात. आमच्या आळीत गोदाम जळलं ते बंद दाराआडच. तवापासून बंद घराचा मेन कोन वर ठेवत नाय."

स्टेफी हसली, स्कूटरकडे वळली आणि थांबली.

रविवारी मेन बंद, म्हणजे सर्व्हर बंद. टूलने हाक मारली तेव्हा इथे ऐकायला कोणी नव्हतं. मग रिपोर्टात तसं यायला हवं होतं. का आलं नाही, ते तिला ठाऊक होतं. नोकरीच्या सुरुवातीला भंगारात गेलेल्या मशीनची नावं रिपोर्टात येऊन डोकं उठवायची. म्हणून तिनेच टूलला सांगून ठेवलं होतं, जी मशीन उत्तर देत नाही ती दाखवू नकोस. एका टिचकीचं काम. तेवढी मेहनत वाचली होती.

ती आत गेली आणि लॅपटॉपवरून टूल एकट्या अर्नाळ्यावर चालवलं. लाल. खाली सरकवलं, तरी लालच. त्यातच शेजारच्या इस्पितळाला बुडवणारं ते भोक होतं, उघडं. ही मशीन रोज वसईच्या मुख्य सर्व्हरला जोडलेली. कोणी आत आलं असेल, तर आतापर्यंत पुढेही गेलं असेल.

"सिस्टर, मी नेटची लाइन तोडतेय."

"आत्ता? बायका सोनोग्राफीला बसल्यात, लघवी धरून."

"सोनोग्राफी करा. रिपोर्ट हाताने लिहा."

"म्हणजे तुझी कॉम्प्युटरं बिघडली की आमची बोटं मोडायची."

स्टेफीने केबल उपटली आणि सरांना फोन लावला.

"सर, सगळं हिरवं नाहीये. अर्नाळा कधी तपासलंच गेलं नाही."

सरांनी विचारलं, "आत कोणी आलंय का?"

"माहीत नाही. बघतेय."

"मी ट्रस्टींना शब्द दिलाय, स्टेफी."

"हो सर."

कोण कधी आत आलं, याची नोंद सर्व्हर ठेवतो. ती तिने ओळीओळीने वाचली, एकही ओळ न गाळता. मध्येच एक अनोळखी नाव आलं. तिने सिस्टरला हाक मारली. सिस्टरने नाव वाचलं. "हा सोनोग्राफीवाल्या कंपनीचा माणूस. आमच्यासमोर बसून चहा पिऊन गेला." स्टेफी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत आली. परकं कोणी नव्हतं.

पॅच तिच्या लॅपटॉपमध्ये होते. ते चढवून तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. जयरामकाका दारात येऊन उभा राहिला. काय झालं, ते तिने सांगितलं.

"म्हंजे जाळं न बघताच धड हाय बोललीस?"

"हो काका."

"मग आता रविवारी मेन वर ठेवू?"

"नको. मी दिवस बदलते. तुम्ही तुमचं करा."

पडदा उजळला. तिने केबल जोडली, ती जुनी सूचना पुसली आणि टूल सगळ्या मशीनवर पुन्हा चालवलं. अर्नाळा हिरवं आलं. तिच्या जिवात जीव आला, पण यादीच्या तळाशी, भंगारातल्या जुन्या नावांनंतर, एक करडी ओळ उमटली. चिंचोटीचा दवाखाना. उत्तर नाही.

चिंचोटी सोमवारी उघडं असतं, म्हणजे तिथली मशीन चालू असायला हवी होती.

तिने तिथला नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. सरांना तिने एवढंच कळवलं, चिंचोटीही तपासलेलं नाही, निघतेय. मग हेल्मेट उचललं. पट्टा अडकवताना दोनदा निसटला.