सगळे बगीचे कुसुमबाईच्या नावावर

"माणूस आपला हाय, कबूल. तरी गाठोडं उघडून पाहीन."

रूपाली गजभिये हे वाक्य इतक्यांदा म्हणायची की तिने "माणूस आपला" एवढं उच्चारलं की संत्रा सोसायटीच्या ऑफिसातले लोक उरलेलं वाक्य पुरं करायचे आणि हसायचे. तीही हसायची. पण गाठोडं उघडायचं ते उघडायचीच.

वाक्य मुळात तिच्या आईचं. कुसुमबाई पांढुर्ण्याच्या एका जिनिंगवर कापूस निवडायच्या कामाला होती. गाड्या यायच्या, गाठोडी उतरायची. गाठोड्याच्या तोंडाशी दुधासारखा कापूस आणि पोटात किडकी कवडी, पानकचरा, कधी ओल. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कोणाला बोलत नव्हतं. कुसुमबाई मात्र प्रत्येक गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायची. तिच्या सख्ख्या भावाचं गाठोडं आलं तेव्हाही तसाच हात घातला, आणि भाऊ पोळ्यापर्यंत तिच्याशी बोलला नाही.

एकदा एक मोठा शेतकरी तिला म्हणाला, माझ्या कापसाला हात लावू नको. का लावू नको ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ती सावरगावच्या बौद्ध वस्तीतली बाई होती आणि तो तिच्याकडे न बघता बोलत होता. कुसुमबाईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. आतून कापूस चांगलाच निघाला. तिने तो त्याच्यासमोर धरला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन पाह्यल्याबिगर मले कसं समजलं असतं?"

रूपाली तेव्हा लहान होती, जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाशी बसलेली. तिने आईचा तो हात पाहिला. पुढे ती सौसरला कॉम्प्युटर शिकली, नागपूरला एका कंपनीत वेबसाइटी बांधायच्या नोकरीला लागली, तिथे मोठमोठे लोक पाहिले. पण तपासणी म्हणजे काय हे तिला त्या एका दुपारीच कळलं होतं. तपासणी म्हणजे आरोप नव्हे. आणि आरोप नव्हे म्हणूनच ती कोणालाही चुकत नाही.

नागपूरची नोकरी सोडून ती परत आली ती आमच्या सोसायटीसाठी. सोसायटीला एक वेबसाइट हवी होती. ज्याने त्याने आपल्या मोबाइलवरून आपला बगीचा भरायचा: नाव, गाव, झाडं किती, आंबिया बहार कधी उतरेल. दूरच्या व्यापाऱ्याने तिकडे बसून पाहायचं आणि थेट शेतकऱ्याला फोन लावायचा. मध्ये कोणी नाही. पांढुर्णा, रामाकोना, बोरगाव, साऱ्या पट्ट्यातले बगीचे एका ठिकाणी. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, बांधणारीचं नाव राहणार होतं. तिचं नाव असलेलं तिचं हे पहिलंच काम. तिचा बाप सुखदेव आयुष्यभर दुसऱ्यांच्या बगिच्यात राबला. तो गावात सांगत फिरायचा की आता साऱ्या बगिच्यांखाली माझ्या पोरीचं नाव येणार.

महिनाभर तिने ते बांधलं आणि लोकांना भरून पाहायला दिलं. तिथे भांडण उभं राहिलं.

आपल्याकडच्या माणसाला झाडं किती विचारा, तो आकडा सांगत नाही. तो सांगतो, विहिरीपासून नाल्यापर्यंत. कोणी लिहिलं, बापाच्या वेळची सोडून सगळी. एकाने लिहिलं, पाहून घ्या. आकड्याच्या रकान्याने हे काही घेतलं नाही. लाल अक्षरात सांगितलं, इथे फक्त आकडा लिहा. लोक रागावले. पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर बगीचे विकले गेलेली ही जागा. इथे म्हाताऱ्याने पारावर बसून "विहिरीपासून नाल्यापर्यंत" म्हटलं की व्यापारी मान डोलवायचा. आणि आता एक डबा म्हणतो, चुकीचं हाय.

रूपालीने लोकांचं ऐकून घेतलं. जिथे तिचं चुकलं होतं तिथे तिने मान्य केलं. बगिच्याची ओळख सांगायला तिने एक मोठा वेगळा रकाना दिला; त्यात विहीर लिहा, नाला लिहा, बापाची आठवण लिहा. नावाआधी कोणी गजानन महाराजांचं नाव लिहिलं, कोणी जयभीम लिहिलं, ते तिने काढलं नाही. फक्त एक केलं. लिहिलेलं अक्षर हे अक्षरच राहील, यंत्राला तो हुकूम वाटणार नाही, असा बंदोबस्त केला. आणि आकड्याच्या जागी आकडाच, यावरून ती हलली नाही.

तपासणी तिने दोन जागी ठेवली होती. एक मोबाइलवर, भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. दुसरी आत, जिथे माहिती साठते तिथे. अध्यक्ष भगवंतराव यांचा पुतण्या गजेंद्र ऑफिसचा कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याचं म्हणणं, वरची तपासणी पुरे झाली, आतली कशाला? तिने त्याला सांगितलं, वरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. मोबाइल त्याचा, तो ती बाजूला सारून थेट आत पाठवू शकतो. वरची म्हणजे गाठोड्याचं तोंड. आतली म्हणजे हात.

पान सगळ्यांसाठी उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी समिती बसली. जाम नदीच्या पुलाजवळचं ऑफिस, भिंतीवर मोठा पडदा, खिडकीतून नदी. पात्रात गोटमारीचे गोटे अजून विखुरलेले; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार.

भगवंतराव हे वाईट गृहस्थ नव्हते. सोसायटी त्यांनीच उभी केली होती. पण त्यांना त्या डब्याने तीनदा परत पाठवलं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, समितीच्या माणसांना तपासणी नको. त्यांचं नाव दिसलं की दार उघडं. बाकीच्यांना हवी ती तपासणी लावा.

"काऊन वो पोरी," ते म्हणाले, "आमच्यावर भरवसा नाई का तुहा? सारे आपलेच लोक हायत."

"आपलेच हायत, काकाजी," रूपाली म्हणाली. "माह्या बाबाच्या कपाळाले गोटा कोनाचा लागला होता, माहीत हाय ना तुमाले? माह्या मामाचा. मामा पांढुर्ण्याच्या काठावर उभा, बाबा सावरगावच्या. मामा काही वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच बाबाले दवाखान्यात घेऊन गेला."

कोणीतरी म्हणालं, हिला गोटमार आणि संत्रा यातला फरक कळत नाही. हशा झाला. रामाकोन्याच्या जयवंताबाई, समितीतल्या एकट्या बाई, हसल्या नाहीत. त्यांनी तेवढ्यात विचारलं की दार उघडं राहिलं तर नेमकं होतं काय.

रूपाली उठली. म्हणाली, दाखवते. ही साइटीची नक्कल आहे, खऱ्याला धक्का लागणार नाही. नकलेत तिने समितीची तपासणी काढून टाकली, भगवंतरावांना हवी होती तशीच. मग त्यांच्याच नावाने आत शिरली. पडद्यावर साऱ्या बगिच्यांची रांग दिसत होती, प्रत्येकासमोर मालकाचं नाव. तिने भगवंतरावांच्या एका बगिच्याचं मालकाचं नाव बदलायचा रकाना उघडला आणि त्यात नाव लिहिलं. नावाच्या शेवटी दोनचार खुणा टाकल्या. तपासणी असती तर त्या नुसतं अक्षर राहिल्या असत्या; आता त्यांच्यामुळे हुकमातला 'फक्त याच बगिच्यापुरतं' हा पुढचा भाग यंत्राने वाचलाच नाही. त्याला एवढंच कळलं, मालकाच्या जागी हे नाव घाल. कुठे घालू, हे त्याने विचारलं नाही. सगळीकडे घातलं.

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव उभं राहिलं. कुसुम सुखदेव गजभिये.

भगवंतरावांचा मळा, कुसुम सुखदेव गजभिये. जयवंताबाईंचा रामाकोन्याचा बगीचा, कुसुम सुखदेव गजभिये. बोरगावच्या सडकेवरची जुनी झाडं, नाल्याकाठची नवी झाडं, सारी त्या बाईच्या नावावर, जिच्या अंगणात संत्र्याचं एक झाड नव्हतं आणि जिचा हात आपल्या कापसाला लागू नये अशी एका माणसाची इच्छा होती. जो तो पडद्यावर आपला बगीचा शोधत होता आणि प्रत्येकाला तिथे तीच बाई भेटत होती.

जयवंताबाईंना हसू आलं. "बरं झालं वो," त्या म्हणाल्या, "कुसुमबाई तरी फवारणी वेळेवर करीन."

भगवंतरावांना ते लागलं. यंत्राचं त्यांना काही वाटलं नाही, नाव लागलं. त्यांनी विचारलं, दुसरं नाव सापडलं नाही का तुला?

"सापडलं असतं," रूपाली म्हणाली. "पन दुसऱ्या कोनाचं नाव टाकलं असतं तर तुमी एवढं नीट पाह्यलं नसतं."

मग तिने नक्कल पूर्ववत केली. नावं आपापल्या जागी परतली. पण ज्याने एकदा पाहिलं त्याला ते दिसतच राहिलं असावं. भगवंतराव मात्र हटले नाहीत. ज्याचा शब्द कधी मोजला गेला नाही असा माणूस सगळ्यांदेखत मागे कसा सरकणार? ते म्हणाले, असला खेळ समितीत बसलेलं कोणी करणार नाही. उद्या सकाळी पान उघडेल, समितीला तपासणी राहणार नाही. करत असशील तर बस, नसशील तर दुसरा पाहू.

रूपालीने खरं पान उघडून तळापर्यंत सरकवलं, जिथे तिचं नाव होतं. मग तिने ते निवडलं आणि पुसलं. एक बटण दाबलं, आणि बांधणारीची जागा कोरी झाली.

साइटीच्या किल्ल्या, सारे पासवर्ड, तिने गजेंद्रच्या मोबाइलवर पाठवल्या. तो चमकून पाहायला लागला.

"सारं तुमच्या हातात देऊन राहिली," ती म्हणाली. "तपासणी काढाची असन तर काढा. तुमच्या हातानं काढा. माह्या हातानं ते निघत नाई."

कोणी काही म्हणायच्या आत जयवंताबाई गजेंद्रला म्हणाल्या, "माह्या नावाले तपासणी राहू दे. मी समितीत हाय म्हून माहा बगीचा काही लोखंडाचा नाई झाला." आणि खाली मान घालून त्यांनी आपली पिशवी आवरली.

रूपालीने ओढणी डोक्याला बांधली, कारण बाहेर ऊन होतं. वाकून भगवंतरावांना नमस्कार केला, तो वयाला. मग जिना उतरून गेली.

गजेंद्र कॉम्प्युटरसमोर बसला. त्याने आतली तपासणी जिथे होती ते पान उघडलं. काय काढायचं ते त्याला दिसत होतं. तिने प्रत्येक ओळीशी साध्या मराठीत लिहून ठेवलं होतं की ही कशासाठी आहे. त्याचा हात माउसवर होता आणि तो काकाच्या हुकुमाची वाट बघत होता.

भगवंतराव पडद्याकडे पाहत होते. तिथे आता त्यांचा मळा त्यांच्याच नावावर होता. ते बराच वेळ ते नाव वाचत राहिले, जणू पहिल्यांदाच वाचत असावेत.

"हात लावू नको," ते म्हणाले.

गजेंद्रने विचारलं, मग तिला बोलावू का परत? भगवंतराव उठून खिडकीशी गेले. खाली रूपाली पुलावर पोचली होती, सावरगावच्या दिशेने, कोणाची वाट न बघता, आईसारखी लांब टांगा टाकत. एकदा हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढ्याच अंतरावर ती होती. त्यांनी खिडकीचे गज धरले होते. ती पूल उतरली, पलीकडच्या घरांमध्ये शिरली, आणि भगवंतराव तसेच उभे राहून बघत राहिले.