डाव्या हाताची कानस

रविवार, माघ शुद्ध पंचमी. सकाळी वेल्ह्यात धुकं होतं. एसटीने भोरमार्गे भाटघरला गेले. वसंतराव लोहकरे यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठी त्यांचा फोटो घेतला. चारला परत आले. लेख राहिला होता, तो आता लिहिते.

वसंतरावांची, म्हणजे अण्णांची, ओळख दोन वर्षांपूर्वीची. माझे यजमान गेल्यावर त्यांच्या पणजोबांचं पलटणीतलं पिस्तूल संग्रहालयाला द्यायचं मी ठरवलं. त्यासाठी 'सर्व भाग मूळचे' असा जाणकाराचा दाखला हवा होता, म्हणून अण्णांकडे गेले. यजमान नेहमी तसंच सांगत.

अण्णा निवृत्त फिटर आणि जुन्या लष्करी पिस्तुलांचे जाणकार. खिडकीशी बसून त्यांनी एकेक भाग सोडवला, पांढऱ्या फडक्यावर मांडला. धरणाच्या पाण्यावरून आलेला उजेड त्या लोखंडावर इतका हळू सरकत होता, की मी कशासाठी आले तेही विसरले.

"वरनं समदीच म्हातारी दिसत्यात, ताई. आतनं बघावं लागतं," ते म्हणाले.

"माझ्या दातांचं नगा सांगू म्हंजे झालं," चहा ठेवताना अण्णांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या.

मग अण्णांनी पिस्तुलाचा घोडा उचलला. "ह्यो मूळचा न्हाई. बाकी समद्यांवर एकच खूण ठोकलीय, ह्याच्यावर न्हाई."

मला राग आला. "आमचे यजमान खोटं बोलणारे नव्हते."

अण्णांनी वाद घातला नाही. भिंग माझ्यापुढे धरलं. घोड्याच्या आतल्या अंगाला कानशीच्या बारीक रेघा होत्या, नेहमीपेक्षा उलट्या तिरक्या.

"घरात डावरं कोण व्हतं?"

"यजमान डावरे होते," मी सांगितलं.

"मूळचा त्यांच्या हातनं मोडला आसंल, मग ह्यो घडवला. पणजोबांची वस्तू, सांगायची लाज वाटली आसंल. पर काम बगा, किती जीव लावून केलंय."

अण्णांनी दाखला खराच दिला. 'घोडा नंतरचा' एवढं लिहून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी शेजारी 'घडवणारे' म्हणून यजमानांचं पूर्ण नाव लिहिलं. संग्रहालयात पिस्तुलाखाली आज तीच ओळ आहे.

अण्णांची नजर अशीच स्वच्छ राहो, हात स्थिर राहोत, आणि काकूंच्या चेष्टा ऐकत त्यांना निरोगी शंभरी लाभो.

लेख इथे संपवला. यजमानांची कानस ब्रशने साफ केली, तेलाचं बोट फिरवलं आणि खिडकीच्या डाव्या बाजूला, ते ठेवत तिथेच, परत ठेवली.