‘आहेत’ या फोल्डरमधला स्टामेन

डोच्का कुनेवाचं दुकान पोस्टाच्या मागे, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. गावात कुणी गेलं की फोटोसकट मृत्यूची पत्रकं तीच छापायची. घराच्या दारावर, खांबांवर, बसथांब्यावर ती लागायची. आणि एकदा लावून भागतंय कुठे? चाळिसावा दिवस, सहा महिने, वर्ष, मग दरवर्षी. मेलेलं माणूसही डोच्काला सुटी देत नसे.

मागे एकदा संगणक बिघडला, तेव्हा फोटोंसाठी तिला घरोघर हिंडावं लागलं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. दर शुक्रवारी ‘गेलेले’ हा फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करायची आणि ती डिस्क घरी मुरंब्याच्या बरण्यांमागे ठेवायची. दुसरा फोल्डर ‘आहेत’. हौसेनं आधीच फोटो देऊन ठेवणारे म्हातारे त्यात. त्याची कॉपी ती करत नसे.

“अगं, तोही घे की डिस्कवर,” नवरा, स्टामेन, म्हणायचा. त्याचाही फोटो त्यातच होता, पुतणीच्या लग्नातला, खो खो हसणारा.

“जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला बसवू? थू थू! गप बस.”

“बघ हं. माझा हा एकच हसरा फोटो आहे. बाकी सगळ्यांत मी कर भरायला आल्यासारखा. तसला लावलास तर उठून फाडीन!”

जानेवारीत स्टामेन गेला. तिनं तोच हसरा फोटो घालून पत्रकं छापली, स्वतः चिकटवली. फोटो ‘गेलेले’मध्ये हलवायला मात्र हात धजेना. आज नको, शुक्रवारी बघू. असे पाच शुक्रवार गेले.

चाळिसाव्याला तीन दिवस उरले आणि संगणक बंद पडला. दुरुस्तीवाला कोल्यो म्हणाला, “डोच्काताई, आतली डिस्क खलास. कॉपी आहे ना?”

“चार हजार माणसांची आहे,” ती म्हणाली. “माझ्या माणसाची नाही.”

ज्या फोनवर फोटो काढला तो केव्हाच मोडीत गेला होता. ती गावभर फिरली, पायांत गोळे आले. खांबांवरची पत्रकं बर्फानं धुऊन निघालेली. बसथांब्यावरच्या पत्रकात स्टामेनची नुसती टोपी उरली होती. स्वतःवर चिडायचंही त्राण नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घरी किल्ली लावताना ती थांबली. पडवीतल्या दारावर, सुतकाच्या काळ्या फितीखाली, स्टामेन हसत होता. रोज त्याच दारातून ये-जा, पण तिनं मान वर करून पाहिलंच नव्हतं. दारावरचं पत्रक कुणी हातानं काढत नाही, वारा-पाऊस नेईल तेव्हा नेईल. तिनं किटलीची वाफ देऊन ते सोडवलं. मग उंबऱ्यावर बसून पोटभर रडली.

कोल्योच्या उसन्या संगणकावर तिनं डिस्कवरचा ‘गेलेले’ उतरवला आणि ते पत्रक स्कॅन केलं. फोटो जरा फिकट आला, दात मात्र सगळे दिसत होते. कुठे जतन करू, संगणकानं विचारलं. ‘आहेत’ आता नव्हताच. तिनं ‘गेलेले’ निवडला, शुक्रवार नसताना डिस्कवर कॉपी केली आणि म्हणाली, “जा बाबा आता. मीही दमले.”