छत्रीवाल्या सिस्टर

अख्ख्या नाशिकरोडच्या पोरांना उन्हात पिटाळणाऱ्या नसीम सिस्टर स्वतः मात्र काळ्या छत्रीखाली उभ्या असायच्या. "तुम्हाला नको का ऊन?" असं विचारलं की म्हणायच्या, "माझा कोटा कधीच भरला, बेटा. आता तुझा."

मुलांच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. मी चौथीत असताना त्यांच्या तावडीत सापडले. बाबांना चाळिशीतच बायपास करावी लागली होती, म्हणून आईनं धसक्यानं माझंही रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल जास्त, व्हिटॅमिन डी कमी! डॉक्टरांनी डीची पुडी दिली, आठवड्याला एक. तळकट बंद, खेळ सुरू आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हापासून आई उठता-बसता माझ्या छातीला कान लावायची.

दर रविवारी सकाळी सिस्टर आम्हा पुडीवाल्यांना दवाखान्याच्या गच्चीवर जमवून लंगडी खेळवायच्या. "एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे तोंड करा आणि सुटा!" कोणी दमून बसलंच, तर छत्रीचं टोक पोटरीला लागायचं.

एकदा त्यांनी सहज विचारलं, "पुडी कशात घेतेस गं?"

"बासुंदीत. वाटीभर," मी ऐटीत सांगितलं.

सिस्टर इतक्या हसल्या की छत्री हातातून सुटून पाण्याच्या टाकीमागे गेली. मग आईला बोलावणं धाडलं.

"ताई, कोलेस्टेरॉलचा पाहुणचार चाललाय का?"

"ही पुडी स्निग्धात विरघळते असं ऐकलं होतं," आई चाचरत म्हणाली. "चांगली भिनावी म्हणून... हिच्या बाबांसारखं हिचं नको व्हायला, सिस्टर." आणि ती रडायलाच लागली.

सिस्टरनी तिला छत्रीत घेतलं. "कपभर दूध बस होतं. आणि रडायचं तर पळता पळता रडा. चला, लंगडी!" आई पदर खोचून उतरली आणि पहिल्याच डावात बाद झाली.

तीन महिन्यांनी दोन्ही आकडे जागेवर आले. मी पुडीचा जयजयकार केला. सिस्टर म्हणाल्या, "पुडीनं डी वाढवलं. बाकीचं तुझ्या पायांनी केलं, आणि बंद झालेल्या बासुंदीनं."

मागच्या वर्षी त्या निवृत्त होऊन लेकाकडे इगतपुरीला गेल्या. जाताना छत्री आईच्या हातात दिली. "तिकडच्या वाऱ्यात ही उलटीच होते, मी रेनकोट घेतलाय. पण उन्हात उघडलीत तर येऊन परत नेईन, हां!"

आम्हाला त्यांची फार आठवण येते. गेल्या रविवारी आईनं भर उन्हात गच्चीवर जाऊन ती छत्री उघडली, मला फोटो काढायला लावला आणि सिस्टरना पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं, "येतेय. बासुंदी दिसली तर याद राखा."